काम छोटं करून मागा

"सगळं तेच चार-पाच जण करतात, बाकीचे वर्गणी भरून मोकळे" हे जुन्या विमानांच्या क्लबबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण माणसं अंग चोरतात असं मला वाटत नाही. 'कुणीतरी सचिव व्हा' म्हटलं की सगळे खाली बघतात. 'शनिवारी दोन तास पंखाचं कापड शिवायला या' म्हटलं की येतात.

पंखाचं कापड आतल्या सांगाड्याच्या बरगड्यांना, म्हणजे आडव्या पट्ट्यांना, शिवतात. हे शिवणकाम एकट्याचं नाहीच. पंख कडेवर उभा करायचा, अलीकडच्याने लांब सुई बरगडीला लागून आरपार घालायची, पलीकडच्याने ती ओढून बरगडीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायची. मेण लावलेला दोरा, ठरावीक अंतरावर गाठ. पहिल्या गाठी चुकतात, उसवाव्या लागतात, आणि तेवढ्यात नवखा माणूस आपला होऊन जातो. हे मी कितीदा तरी पाहिलंय.

शिवाय विमान विकून टाकलेल्या किंवा आता उडवत नसलेल्या सभासदांना कृपया यादीतून गाळू नका. टायगर मॉथ हे विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं, पायपर जे-३ कबचं उत्पादन १९४७ साली थांबलं. नियमावली आणि नकाशे मिळतात, पण पंखांना आधार देणाऱ्या तारा किती ताणायच्या, इंजिन गार असताना प्रोपेलर हाताने कसा फिरवायचा, हे या लोकांच्या हातात आहे. त्यांच्याशेजारी एकेक नवा सभासद बसवा. क्लबच्या मासिकात लेख मागण्याआधी एवढं करून बघा, लेख त्यातूनच येतील.