सात दिवसांत फाइल हलते म्हणे!

वारसदार : माजी मंत्र्यांच्या एका निवृत्त स्वीय सहायकांनी इथे आठवणी लिहिल्यात. त्यांचं म्हणणं, 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्याने मंत्रालय सुधारलं, कारण कोणाही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू शकत नाही. साहेब, त्या नियमाचं कलम 10 मीही वाचलंय. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायला चौदा महिने गेले. नोटिशीचे पंधरा दिवस धरले, तरी बाकीचे साडेतेरा महिने कुठे गेले? दर वेळी उत्तर एकच, 'वर पाठवलीय.'

जुना अव्वल कारकून : सगळं खापर कारकुनावर नको. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना नगरला जिल्हाधिकारी होते, त्यांनी दफ्तर लावायला शिकवलं. कागदांचे त्यांच्या स्थितीप्रमाणे सहा गठ्ठे, प्रत्येक टेबलाला कार्यविवरण पंजी, म्हणजे आल्या-गेल्या कागदांची नोंदवही. मी त्या पद्धतीवर वीस वर्षं काम केलं. मागितला कागद दोन मिनिटांत काढून द्यायचो. पद्धत मोडली ती टेबलं रिकामी राहिल्यावर. एका माणसाकडे तीन टेबलं दिलीत, तर पंजी लिहायची कधी?

तालुक्याचा : आणि बदल्यांचं काय? तीन वर्षांचा कार्यकाळ कायद्यात आहे, पण 'विशेष कारण' लिहून मध्येच बदली करायची सोयही त्याच कलम 4 मध्ये आहे. माझ्या बहिणीची दोन वर्षांत तीनदा बदली झाली. मुलाची दहावी होती हो!

स्वीय सहायक (निवृत्त) : बदल्यांच्या शिफारशी माझ्याच टेबलावरून जायच्या. पत्रं आमदारांची असायची, सरपंचांची असायची, आणि तुमच्यासारख्या नातेवाइकांचीही. कायद्याआधी तर कारणही लिहावं लागत नव्हतं. आता लिहावं लागतं, म्हणून माणूस मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाऊन दाद मागू शकतो.

तालुक्याचा : नातेवाइकांना मध्ये ओढू नका. माझ्या बहिणीने एकही पत्र आणलं नव्हतं, तिची तीच चूक झाली.

वारसदार : बदल्यांवर नंतर भांडा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण पहिली दोन्ही अपिलं त्याच खात्याच्या अधिकाऱ्याकडे. दंड कोण कोणाला करणार?

जुना अव्वल कारकून : पंजीची नक्कल माहिती अधिकारात मागा. फाइल कोणत्या तारखेला कुणाकडे होती ते त्यात असतं. नसेल, तर पंजी लिहिलीच नाही हे लेखी मिळेल.

वारसदार : एवढं मात्र तुमचं मान्य. सोमवारी अर्ज टाकतो.