मदत हवी आहे: पीव्हीडीएफ फिल्मच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कशी वाढवू?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. खाजनातल्या (भरतीच्या खाऱ्या पाण्याची बांध घातलेली सखल शेतजमीन) मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) पाण्याखालचे २०० किलोहर्ट्झचे पल्स पकडायला सेन्सर बनवतोय, २८ मायक्रॉनची पीव्हीडीएफ फिल्म (दाब पडला की व्होल्टेज देणारं प्लास्टिक), १० मिमी व्यासाची. पीझेडटी (त्याच कामाचं सिरॅमिक) मुद्दाम घेतलं नाही, कारण पीव्हीडीएफचा अकूस्टिक इम्पीडन्स (ध्वनिलहरींना होणारा अडथळा) त्याच्यापेक्षा पाण्याच्या बराच जवळ असतो, म्हणजे आवाज कमी परावर्तित होतो.

पण सिग्नल फारच बारीक येतोय. हिशोब केला तर फिल्मची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) साधारण ३०० पिकोफॅरड, आणि माझी ३ मीटर कोॲक्स केबल मीटरला १०० पिकोफॅरड धरली तरी तेवढीच, म्हणजे अर्धा व्होल्टेज केबलच खातेय! ११० मायक्रॉनची फिल्म घेतली तर व्होल्टेज चौपट मिळायला हवा, पण कपॅसिटन्स पाव होणार, मग केबलसकट फायदा जेमतेम दीडपटीच्या वर जातो.

म्हणून वाटतंय की आधी फिल्मला चिकटूनच जेफेट बफर (सिग्नलवर भार न टाकता तो केबलमध्ये ढकलणारं ट्रान्झिस्टर सर्किट) बसवावा, आणि मगच जाड फिल्म. का सरळ चार्ज ॲम्प्लिफायरच (व्होल्टेजऐवजी फिल्मचा चार्ज मोजणारा) बरा? त्यात केबलचा गेनवर परिणाम कमी असतो, पण नॉइज वाढतो ना?

दुसरं म्हणजे एक फिल्म मी सोल्डर करताना घालवली, उष्णतेने पोलिंगच (फिल्मला दाबाला व्होल्टेज द्यायला लावणारी आतली विद्युत रचना) गेलं, आता कंडक्टिव्ह इपॉक्सी वापरतो. पण इथल्या पावसात दमट हवा आणि वर खारं पाणी, इलेक्ट्रोडवर लीकेज होतं (चार्ज झिरपून जातो). पातळ पॉलियुरेथेनचा थर दिला तर सेन्सिटिव्हिटी किती पडेल? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा, पाऊस ओसरला की लगेच टेस्ट घ्यायचीय. देव बरें करो.