मदत हवी आहे: युरोपात लॅपटॉपवर टीव्ही (बाबांची मालिका + लिस्बनच्या बातम्या)

नमस्कार मंडळी. मे अखेरीस आईबाबांना घेऊन तीन आठवड्यांसाठी निघतेय. आधी लिस्बन, मग पॅरिस, शेवटी स्वित्झर्लंड. व्हिसा, विमा, फरसाणाचे डबे, सगळं मार्गी लागलं. घोडं अडलंय टीव्हीपाशी. हसू नका.

बाबा 77 वर्षांचे. फोंड्याला आमच्या घरी रात्री आठ ते साडेनऊ दाराची बेल वाजली तरी कोणी उठत नाही. मागच्या खेपेला व्हिएन्नात मी हॉटेलच्या खोलीत सुटकेसवर लॅपटॉप मांडला, बाबा कानटोपी घालून समोर बसले आणि नेहमीचं ॲप उघडलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.' बाबा म्हणाले, "आमच्या देशात कसा नाही? आत्ता शेजारचे बघत असतील!" पुढचे आठ दिवस आम्ही ते ऐकलं. वर्गणी भरलेली होती, पैसे वाया गेले ते वेगळंच.

भाऊ म्हणतो, युरोपात आता कायदा झालाय, वर्गणी भरली असेल तर कुठल्याही देशात दिसायला हवं. खरं का? की व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारी सेवा) घ्यावंच लागेल?

दुसरं म्हणजे, बाबा 1961 च्या आधी, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, दोन वर्षं पोर्तुगीज शाळेत गेलेत. त्यातलं कानात किती उरलंय ते त्यांना तिथल्या बातम्या लावून बघायचंय. दिराने 2012 मध्ये जर्मनीहून आणलेली यूएसबी टीव्ही ट्यूनर स्टिक (लॅपटॉपला लावून ॲन्टेनावरचा टीव्ही दाखवणारी) घरात आहे, सोबत चुंबकाच्या बुडाची वीतभर ॲन्टेना. ती चालेल का?

कुळागर:
ताई, भाऊ म्हणतो तो कायदा आहे, 1 एप्रिल 2018 पासून. पण तो युरोपियन युनियनमधे राहून तिथली वर्गणी भरणाऱ्यांसाठी. आपल्या फोंड्याच्या पॅकला त्याचा उपयोग शून्य. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात आणि तुम्ही कुठे आहात ते ॲप आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) ओळखतं, म्हणून ती काळी ओळ.

व्हीपीएन घेताना जपून. 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे नियम आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. आता सर्व्हर बाहेर आणि पत्ता तेवढा भारताचा अशी सोय असते, आणि ॲपं ती पकडतात. शिवाय बहुतेकांच्या अटींत व्हीपीएनला मनाई असते, ते वाचून घ्या. मी घरच्या जुन्या पीसीवर टेलस्केल (आपलीच यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारं ॲप) टाकून त्याला एक्झिट नोड, म्हणजे बाहेर पडायचं दार, केलाय. लॅपटॉपचं सगळं इंटरनेट घरच्या फायबरवरून जातं, पत्ता घरचाच. फक्त जूनमध्ये पहिली सर आली की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पीसी इन्व्हर्टरवर ठेवा, राउटरही.

जत्रेचं_खाजं:
स्टिक 2012 ची जर्मनीतली म्हणजे बहुधा साधी डीव्हीबी-टी (ॲन्टेनावरच्या डिजिटल टीव्हीची जुनी पद्धत). पोर्तुगालचं जमिनीवरचं प्रक्षेपण त्याच पद्धतीचं, त्यामुळे आरटीपी 1, आरटीपी 2, एसआयसी, टीव्हीआय या तिथल्या वाहिन्या फुकटात लागायला हव्यात. ॲन्टेना खिडकीच्या लोखंडी चौकटीला चिकटवा, खोलीच्या मधोमध नको. पाहायला व्हीएलसी हा फुकट व्हिडिओ प्लेयर पुरतो, मात्र स्टिकचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसतो का ते इथूनच तपासा. पॅरिसलाही चालेल. स्वित्झर्लंडला नाही, तिथल्या सरकारी वाहिनीने 2019 मध्ये ॲन्टेनाचं प्रक्षेपण बंदच केलं. खुद्द जर्मनीत 2017 पासून डीव्हीबी-टी2 ही नवी पद्धत आल्यामुळे ही स्टिक तिच्या माहेरीच निकामी! आणि खरं सांगू? नुसत्या बातम्यांसाठी एवढा खटाटोप नको. लिस्बनमध्ये असताना आरटीपीच्या साइटवर त्या थेट दिसतात.

हॉटेलच्या वायफायवर भरवसा ठेवू नका. एचडी लावलंत तर तासाला तीन जीबीपर्यंत जातात, साध्यावर जेमतेम एक. लिस्बनला घेतलेलं सिम पॅरिसला चालेल, पण स्वित्झर्लंड युनियनबाहेर, तिथे डेटा चालू ठेवला तर बिल बघून बाबांची कानटोपी उडेल.

कुळागर:
एक राहिलं. इथलं सिम काढून ठेवू नका. लॉगिनचा ओटीपी त्यावरच येतो. रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. टेलस्केल काल भाच्याकडून बसवून घेतलं, म्हापशाला बहिणीच्या घरी बसून चालवून पाहिलं. बाबांना वेळेचं गणितही सांगितलं: आपले रात्रीचे आठ म्हणजे लिस्बनला दुपारचे साडेतीन, पॅरिसला साडेचार. आई लगेच म्हणाली, मग आयफेल टॉवर कधी बघायचा? आता रात्री झोपताना मागचा भाग लावायचा असं ठरलंय, बाबा अजून रुसलेले आहेत.

ट्यूनरचं मात्र अडलं. चवथीच्या माळांच्या खोक्यात ॲन्टेना सापडली, स्टिक नाही.