किडनीचा कॅन्सर १३ वर्षांनी पॅनक्रियाजमध्ये, ऑपरेशननंतर माणूस किती वर्षं काढतो?

खानापूरची सून
नमस्कार. मामंजींची उजवी किडनी २०११ ला काढलेली, क्लिअर सेल म्हणून किडनीच्या कॅन्सरचा प्रकार असतो, तो होता. चार-पाच वर्षं सोनोग्राफ्या केल्या, मग आम्ही विसरूनच गेलो आणि ते परत भाताच्या शेतात. गेल्या वर्षी पोट जड वाटतंय म्हणून सीटी काढला तर पॅनक्रियाजच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या शेपटीकडं, टोकाला, ३ सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत किडनीचाच कॅन्सर आला. पॅनक्रियाज म्हटल्यावर घरात रडारड, नणंदेनं मोबाईलवर बघून सहा महिनेच म्हणून सांगून टाकलं. तेव्हा मामंजीच ऑपरेशन नको म्हणाले, आता तयार झालेत. गाठ अजून तेवढीच हाय, डॉक्टर म्हणतात शेपूट आणि प्लीहा काढूया. वय ६९. ह्यातनं कुणी पाच-सात वर्षं काढलेलं माहीत हाय काय? आणि प्लीहा कशाला, तिचं काय चुकलं?

लॅबवाला_टिळकवाडी
वहिनी, नणंदेनं वाचलं ते पॅनक्रियाजच्या स्वतःच्या कॅन्सरचं, तो लई वाईट. मामंजींचा किडनीचाच हाय, घर बदललंय फक्त. क्लिअर सेलची ही सवयच, दहा-पंधरा वर्षं गप्प बसून मग पॅनक्रियाजमध्ये उगवतो, आणि तिथं उगवलेला बहुतेक सावकाश वाढतो, वर्षभर तेवढीच राहिली बघा की. ऑपरेशन झालेल्यांचे जे रिपोर्ट छापून आलेत त्यात ५ वर्षांनी निम्म्याहून जास्त माणसं हयात असतात, काही ठिकाणी शंभरातली सत्तर. अर्थात ऑपरेशनला धडधाकट माणसंच निवडतात हे पण धरा. प्लीहेचं काही चुकलं नाही, तिची रक्तवाहिनी त्या शेपटीला चिकटून जाते म्हणून बरोबर जाते बिचारी. पण प्लीहा गेली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब ह्या लशी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला पाहिजेत, तारीख ठरायच्या आधी विचारा. आणि एकच किडनी हाय, दर सीटीला क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघूनच डाय (सीटीआधी टोचतात ते औषध) द्यायला सांगा.

शहापूरची काकू
बाळ, आमच्या ह्यांची किडनी २००४ ला, पॅनक्रियाजची शेपूट २०१६ ला. आज सकाळी गच्चीवर पापड वाळत घालताना मलाच शिकवत होते. पण सगळं गोड हाय असं नाही सांगणार. ऑपरेशननंतर नळीतनं पॅनक्रियाजचं पाणी तीन आठवडे येत होतं, ती पिशवी घेऊनच घरी आलो. मग शुगर आली, इन्सुलिन. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, बंद म्हणजे बंद, तरी चमच्याला लागलेला चाटतात, मी बघून न बघितल्यासारखं करते. जेवण पचायला एन्झाइमच्या कॅप्सूल शर्टाच्या खिशात असतात, लग्नात पंगतीला पहिल्या घासाबरोबर एक, मधेच एक, शेजारचा विचारतो ॲसिडिटी काय म्हणून. जेवून झाल्यावर घेतली तर तेवढा उपयोग नाही, हे आम्हाला कुणी धड सांगितलंच नव्हतं, दोन महिने तेलकट जुलाब आणि आठ किलो वजन गेलं. २०२१ ला फुफ्फुसात ठिपका निघाला, तेव्हापास्नं सुनिटिनिब ही कॅन्सरची गोळी चालू हाय. तळपाय सोलतात, बीपी चढतं, मिशा पांढऱ्याशुभ्र झाल्या. पण हाय की माणूस.

निपाणीकर
आमच्या आत्याला नऊ वर्षांनी निघालं, तीन गाठी होत्या, सगळा पॅनक्रियाज काढायला लागला असता, ती नको म्हणाली. गोळ्यांवर हाय. तेव्हा ऑपरेशनशिवाय रस्ताच नाही असं कुणी म्हटलं तरी एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला नाहीतर कुठं जमेल तिथं. जाताना २०११ चा पॅथॉलॉजीचा ब्लॉक (गाठीचा मेणात ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, फक्त कागद नको. आम्ही कागद घेऊन परळला गेलो आणि ब्लॉकसाठी परत आलो, महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट दोनदा.

खानापूरची सून
काकू, तुमचं मामंजींना वाचून दाखवलं. मिशांचं ऐकून हसले, म्हणाले माझ्या आधीच पांढऱ्या हायत. लशी सोमवारी. ब्लॉक मिळतोय काय बघायला दीर उद्या जातोय.

शहापूरची काकू
कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर. लिहून भिंतीला लाव.