काजवे बघायला रात्री किती माणसं घ्यायची? आकडा कसा काढतात?

शिवारकर
गाव अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीला लागून, पण हद्दीबाहेर. मेअखेरीला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते, त्यातली काही गर्दी आता इकडे वळते आहे. ओढ्याकाठची सादडा, हिरडा, जांभूळ, उंबर अशी पंचवीसेक झाडं काजव्यांनी भरतात. बहुतेक झाडं मालकीच्या रानात आहेत. ग्रामसभेपुढे ठराव ठेवायचाय. रात्री किती माणसं घ्यायची, पैसे कोणी गोळा करायचे आणि जैवविविधता समितीची नोंदवही (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद) याच्या कामी येते का? 'मर्यादा ठेवा' एवढंच सांगू नका, मर्यादा काढायची कशी ते सांगा.

पायवाट
आकडा झाडांवरून नाही, वाटेवरून निघतो. जूनच्या सुरुवातीला पावणेआठला नीट काळोख होतो. पावणेदहाला शेवटची तुकडी बाहेर काढायची, म्हणजे हातात दोन तास. एका वाटेवर एका वेळी दहा माणसं आणि एक वाटाड्या, वीस मिनिटांचा फेरा. सहा तुकड्या, 60 माणसं. वाटा दोन असतील तर 120. गाडीमागे पाच जण धरले तर 24 गाड्या. तेवढ्या लावायला जागा नसेल तर आधी तो आकडा खाली आणा.

वाहनतळ झाडांपासून अर्धा किलोमीटर तरी लांब, मध्ये टेकाड किंवा घरं हवीत. गाडी येतानाच वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावून घ्या. रात्री वळवायला गेलं की हेडलाइट अख्ख्या ओढ्यावरून फिरतो, झाडावरचा लखलखाट थांबतो आणि पुढच्या तुकडीला काळं झाड दिसतं. मग ती तुकडी 'अजून आत चला' म्हणते आणि वाट मोडते.

वाट दीड मीटर रुंद, दोन्ही अंगांना गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढरी सुतळी. खुंट्या दिवसाउजेडी ठोकून घ्या. बॅटरी फक्त वाटाड्याकडे, काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी, झोत पायांशी. मोबाइल खिशात.

किडेमकोडे
वरचं बरोबर आहे, त्यामागचं कारण लिहितो. हवेत आणि फांद्यांवर चमकतात ते मुख्यतः नर. मादी बहुधा खाली गवतात किंवा झुडपावर बसून प्रकाशानेच उत्तर देते. फोटोसाठी कोणी सुतळी ओलांडून गवतात शिरला की पाय पडतो तो तिच्यावर. अंडी ओलसर मातीत, आणि आयुष्यातला मोठा काळ अळीच्या रूपात पालापाचोळ्याखाली जातो. अळी गोगलगायी आणि मऊ अंगाचे किडे खाते. म्हणजे तुमचं भांडवल झाडावर नाही, झाडाखाली आहे. पर्यटक वर्षातून तीनच आठवडे येतात. नुकसान उरलेल्या काळातही होतं: बांधावर तणनाशक, झाडाखालचा पाचोळा खरवडून नेणं, उन्हाळ्यातला वणवा.

डास पळवणारे फवारे आणि अंगाला लावायची मलमं वाहनतळावरच बंद करा, लांब बाह्यांचे कपडे घालायला सांगा. तारखा अमावास्येच्या आसपास धरा, पौर्णिमेला लखलखाट फिका वाटतो. वळवाच्या सरी पडल्या की काजवे वाढतात, मोठा पाऊस लागला की संपतात. म्हणून 'अमुक तारखेला हमखास' अशी जाहिरात नको. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर लोक कासवाची पिल्लं बघायला जातात, तिथंही तेच: पिल्लं वाळूतून कधी वर येतील ते घरटं ठरवतं. आलेल्याला हे आधी सांगितलं नाही की भांडण ठरलेलं.

ठरावबुक
पैशाचं. जैवविविधता कायदा 2002, कलम 41: समिती शुल्क लावू शकते ते जैविक संसाधन व्यापारासाठी नेणाऱ्याला किंवा गोळा करणाऱ्याला. नुसतं बघायला आलेल्याकडून त्या कलमाखाली पावती फाडू नका, कोणी हरकत घेतली तर अडाल. वाहनतळ आणि वाटाड्याचं सेवाशुल्क ग्रामसभेच्या ठरावाने ग्रामपंचायतीच्या पावतीवर घ्या. वाट चुकूनही अभयारण्यात शिरत असेल तर प्रवेशाची परवानगी वनखात्याची, वन्यजीव कायद्याचं कलम 28. सीमेचे दगड आधी बघून या.

नोंदवही कामाला येते, पण वेगळ्या तऱ्हेने. कोणतं झाड, कोणाच्या गटात, काजवे पहिल्यांदा कधी दिसले, पहिला वळीव कधी, एका ठराविक फांदीवर मिनिटात किती चमका, हे दरवर्षी लिहा. तीन वर्षांनी गर्दी कमी करायची की वाटा वाढवायच्या, याचा वाद तोंडी राहत नाही.

हिशेबही आत्ताच मांडा. माणशी 100 रुपये, गर्दीच्या सहा रात्री, रोज 120 म्हणजे 72,000. वाटाडे चार, वाहनतळावर दोन, प्रत्येकी 500 धरले तर सहा रात्रींचे 18,000. उरले 54,000. यातला हिस्सा झाडांच्या मालकांना झाडागणिक द्या. बांध तुडवला जातो त्याचा, पैसे मात्र हॉटेलवाल्याला, असं दोन वर्षं चाललं की मालक राबासाठी (भाताच्या रोपवाटिकेत जाळायच्या पाल्यासाठी) तेच झाड सवळतो, म्हणजे फांद्या छाटतो.

शिवारकर
राबाचीच अडचण आहे. भातरोपांसाठी पाचोळा आणि फांद्या लागतातच, बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही.

किडेमकोडे
बंद करायला सांगूही नका. काजव्यांच्या पंचवीस झाडांभोवती खोडापासून पाच-सहा मीटरचं वर्तुळ सोडा, तिथला पाचोळा उचलायचा नाही, फांद्या सवळायच्या नाहीत. बाकी रानातून राब भागतो. खोडाला चुन्याचा पट्टा मारला की कोणतं झाड सोडायचं ते सगळ्यांना कळतं. पट्टा दिवाळीनंतर मारा, मेमध्ये मारून उपयोग नाही, तोवर पाचोळा राबात जळून गेलेला असतो.