ताम्हण लावलं, पण पानं करपतायत

प्रश्न: नर्सरीतून पाच फुटी ताम्हण आणून अंगणात लावलं. आता पानं कडेने करपून गळतायत. युरिया टाकू का?

उत्तर: युरिया अजिबात नको हो! लावताना दुखावलेल्या मुळांना पाणीच धड ओढवत नाहीये, खताने ती आणखी होरपळतील. बोटभर माती उकरून बघा. ओली असेल तर पाणी थांबवा. कोरडी असेल तर हुंडीपर्यंत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यापर्यंत, मुरेल असं सावकाश द्या. वर पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. दुपारपुरती शेडनेट बांधा.

प्रश्नकर्ती: फांद्या छाटू?

उत्तर: नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. वाळकी तेवढीच काढा. आणि ताम्हण पानगळीचं झाड. थंडीत उघडंबोडकं झालं म्हणून उपटू नका, आमचे शेजारी निघालेच होते!