"शेवटचं एकदा भेटूया" : कशासाठी?

उपवनकर (धागाकर्ता)

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात सध्या चहाला एकच विषय आहे. टीममधल्या एका मुलाला त्याच्या मैत्रिणीने तीन वर्षांनंतर 'आता पुढे नको' असं कळवलं. मेसेजवरच, पण नीट, कारणांसकट. आरोप नाहीत, टोमणे नाहीत. आता हा म्हणतोय, "मला फक्त शेवटचं एकदा भेटायचंय. तलावपाळीवर, अर्धा तास." ती नको म्हणतेय. टीममध्ये दोन तट पडलेत आणि बहुमत त्याच्या बाजूने आहे: तीन वर्षं दिली, अर्ध्या तासाचा तरी हक्क आहेच की!

माझ्या मते नाही. अशी भेट निरोपाची नसते, अपिलाची असते. भेटायला जाणारा घरून मुद्दे पाठ करून निघतो. तिला आवडणारा शर्ट इस्त्री करून घालतो. निरोप घ्यायला शर्ट कशाला लागतो? समोरच्याने पुन्हा 'नाही' म्हटलं तर आधीचीच जखम आणखी खोल होते, आणि चारचौघांत डोळे पुसायची वेळ आली म्हणून त्याने 'बरं, बघू' म्हटलं, तर दोन-तीन महिन्यांची मुदतवाढ. त्यानंतर तोच नकार, पण या वेळी वैतागलेला.

'समजलं. काळजी घे.' एवढं लिहावं आणि थांबावं. रडू नये असं नाही. मित्रापाशी रडावं, बहिणीपाशी रडावं, येऊरचा चढ चढताना रडावं. तिच्यासमोर रडून काही पदरात पाडून घेऊ नये, इतकंच. आणि रात्री दीडला स्टेटसवर शायरी टाकू नये, ती आपल्या बॉसलाही दिसते.

ट्रान्सहार्बरवाली

साफ असहमत.

मलाही असंच मेसेजवर सोडलं होतं. ठाण्याला दहा नंबरवर उभी होते, पनवेल गाडी लागली, भरली, सुटली, मी तिथेच. परत परत वाचत होते, कारण मेसेजला प्रश्न विचारता येत नाही. 'आपलं जमत नाही' म्हणजे नेमकं काय जमत नाही? कधीपासून? मागच्या महिन्यात माझ्या आईच्या हातचं जेवून गेलास तेव्हा जमत होतं का?

मला तो परत नको होता. समोर बसून सांगण्याइतकी तरी माझी किंमत होती की नाही, एवढंच बघायचं होतं. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये शहाणपणाची परीक्षा फक्त नाकारलेल्याने द्यायची आहे. नाकारणाऱ्याने दोन परिच्छेद टाइप केले की तो पास?

कोर्टनाका

दोघांचं वाचलं. भेटायची एकदा विनंती करणं यात गैर काही नाही. ती नाकारल्यावर पुढे काय होतं, तिथे खरा प्रश्न आहे. दुसऱ्या नंबरवरून फोन, मैत्रिणीमार्फत निरोप, ऑफिस सुटायच्या वेळी गेटवर 'सहज' उभं राहणं. हे करणाऱ्याला स्वतःला तो देवदासच वाटत असतो.

कायद्याला तसं वाटत नाही. 2013 मध्ये दंड संहितेत पाठलागाचं 354 ड कलम आलं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यावरही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे. तिचा इंटरनेटवरचा वावर, ईमेल वगैरेंवर पाळत ठेवणंही त्यातच येतं. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर 3 वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर 5 वर्षांपर्यंत.

यातला 'स्पष्टपणे' हा भाग महत्त्वाचा. त्या मुलीने कारणांसकट लेखी नाही सांगितलं, यापेक्षा स्पष्ट काय असतं? उलट 'सध्या नको', 'घरचं टेन्शन आहे', 'तू खूप चांगला आहेस पण' असली मऊ उत्तरं पुढे दोघांनाही भोवतात.

ट्रान्सहार्बरवाली

@कोर्टनाका, कलम मान्य. पण मुलीने मुलाच्या ऑफिसखाली जाऊन तमाशा केला तर? ते कलम तर फक्त पुरुषाने स्त्रीच्या केलेल्या पाठलागाचं आहे. आणि 'भेटूया' म्हणणारा प्रत्येक जण गेटवरच उभा राहणार असं धरून का चालायचं?

कोर्टनाका

तमाशा कुणीही केला तरी तमाशाच. त्याला दुसरी कलमं आहेत. आणि धरून चालायचं नाही, पण भीती वाटली तर ती चूक कशी? एकटीने जायचं तिला आहे.

घणसोलीकर

तुम्ही सगळे हवेत बोलताय. आम्ही दोघं एकत्र राहत होतो. अकरा महिन्यांचा करार, त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन (म्हणजे तोवर करार मोडता येत नाही), आणि तिसऱ्या महिन्यात आमचं फाटलं. डिपॉझिट निम्मं निम्मं भरलेलं. न भेटता कसं निस्तरायचं सांगा.

आम्ही एका रविवारी तिच्या भावाला मध्ये बसवून यादी केली. फ्रिज तिचा, वॉशिंग मशीन माझं, गॅसच्या शेगडीवरून अर्धा तास वाद, कारण ती दोघांच्या मित्रांनी मिळून दिली होती. शेवटी ती शेगडी खालच्या वॉचमनकाकांना दिली. डिपॉझिटमधला तिचा वाटा मी दोन हप्त्यांत ट्रान्सफर केला. लॉक-इन संपेपर्यंतचं भाडं मी भरलं, कारण राहणार मी होतो. त्या दिवशी 'आपलं काय चुकलं' हा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

माझं म्हणणं, भेट हवी तर कामाची ठेवा. पैसे, चाव्या, कागद, सामान. मन मोकळं करायला दुसरी माणसं आहेत.

नौपाड्याच्या काकू

तुमच्या या चर्चेत मी पडू का नको असं वाटत होतं, पण लिहितेच. आमच्या वेळी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नकार रोजचाच होता. मुलाकडचे 'कळवतो' म्हणायचे आणि आठवड्याने निरोप यायचा, 'पत्रिका जुळत नाही.' पत्रिका कुणी उघडलेलीही नसायची. दोन्हीकडच्यांना माहीत असायचं. पण मुलीचा रंग, मुलाचा पगार, सासूबाईंचा स्वभाव, काही काढावं लागत नसे. मला नकार दिलेलं स्थळ पुढे गडकरी रंगायतनला मध्यंतरात सहकुटुंब भेटलं, आम्ही एकत्र बटाटेवडे खाल्ले.

तुम्हाला हल्ली प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. कारण कळून दुःख कमी होतं का रे? उलट त्या कारणाशी माणूस वर्षभर भांडत बसतो.

उपवनकर

काकू, शेवटचं वाक्य मी चोरणार आहे. पण तुमची ओळख अर्ध्या तासाची होती, तीही मोठ्यांच्या देखत. तीन वर्षांनंतर 'पत्रिका जुळत नाही' सांगितलं तर तो अपमान होईल. तिथे खरं कारण एकदा सांगायला हवं. तिने ते सांगितलंय. फक्त खुर्ची टाकून समोर बसायला तयार नाही.

दिघा_लोकल

मेंदूच्या अंगाने थोडं. प्रेमावर संशोधन करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांचा 2010 चा अभ्यास आहे. नुकतेच नाकारले गेलेले, तरीही प्रेमात असलेले 15 जण. त्यांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचा स्कॅन केला. व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग त्यात जागे झालेले दिसले. म्हणून 'विसर रे, मुली काय कमी आहेत' म्हणणाऱ्या मित्रांनी जरा दमाने घ्यावं. आणि म्हणूनच मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. फोटोने हे होत असेल तर तलावपाळीवर शेजारी बसून काय होईल?

ट्रान्सहार्बरवाली

पंधरा माणसांवरून माझी भेट रद्द करू नका.

दिघा_लोकल

संख्या लहान आहे, मान्य. पण एक सांगून ठेवतो. कुणाची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, 'जगून काय करू' अशी भाषा येत असेल, तर भेट-बिट वाद बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उपवनकर

ताजी खबर. आज तो मला म्हणाला, "तू तिला ओळखतोस, तू एकदा विचारून बघ ना." मी नाही म्हणालो. मी विचारलं तर तिला तिसऱ्यांदा नाही म्हणावं लागेल, तेही ऑफिसातल्या माणसाला. तो दुखावलाय. लंच वेगळा करतोय.

ट्रान्सहार्बरवाली

हे बरोबर केलंत. मध्यस्थ नकोच. पण मग शनिवारी त्याला घरी जेवायला बोलवा, आणि जेवताना तत्त्वज्ञान सांगू नका. भेटीबद्दल माझं मत तेच आहे.

घणसोलीकर

आणि तिच्याकडे त्याचं काही सामान असेल तर ते आत्ताच विचारून कुरियरने मागवा. नाहीतर दोन महिन्यांनी 'माझा हार्डडिस्क राहिलाय' म्हणून परत तोच मेसेज जाणार.